१७ सप्टेंबरला नेमकं काय झालं आणि कागदावर हैदराबाद भारतात कधी आलं

परवा एकानं मला विचारलं, लातूरकडचे आहेत, आजोबांच्या जमिनीचे कागद काढले तर एका उर्दू कागदावर १३५८ फसली (निजामाच्या राज्यातलं महसुली साल) असं साल निघालं आणि तर्जुमा, म्हणजे भाषांतर, करून घेतला तर आत निजामाच्या फर्मानाचा हवाला. त्यांचं म्हणणं असं की १३५८ फसली म्हणजे १९४८-४९, आपण तर १७ सप्टेंबर १९४८ लाच भारतात आलो, मग त्याच्यानंतरच्या कागदावर निजाम कसा काय? निजामानं विलीनीकरणाच्या करारावर सही केली होती का? आणि त्याच्या आधी आपण खरंच वेगळा देश होतो का?

मी तीसेक वर्षांपासून मराठवाड्यात महसुलाच्या, इनामाच्या, कुळाच्या केसेस चालवतोय, त्यामुळं हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, पक्षकार विचारतो नाहीतर नवीन ज्युनिअर विचारतो. म्हणून जरा सविस्तर सांगतो. थोडक्यात उत्तर पाहिजे असेल तर ते असं की तुमचा कागद बनावट नाही, तारीख बरोबर आहे, आणि १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता मोडली पण कायद्यानं निजाम गादीवरच होता. आपण भारताच्या राज्यघटनेखाली आलो २६ जानेवारी १९५० ला. मधले सोळा महिने फार चमत्कारिक होते आणि मराठवाड्यातल्या जमिनीची अर्धी भानगड त्या सोळा महिन्यांतच अडकलेली आहे.

आधी शेवटचा प्रश्न घेऊ, वेगळा देश होतो का. आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी "मोगलाई" हा शब्द होता, सोलापूर-बार्शी-नगरकडं जायचं म्हणजे मोगलाईतून इंग्रजीत जायचं. माझी आजी सांगायची, बार्शीच्या बाजारातून लुगडं आणलं तर वाटेत करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका लागायचा, तिथं गाठोडं सोडून दाखवावं लागायचं, म्हणून बाया लुगडं अंगावर नेसूनच यायच्या, एकावर एक. कुर्डुवाडीहून लातूरला येणारी बार्शी लाईटची छोटी गाडी सुद्धा हद्द ओलांडूनच यायची. संस्थानाचं नाणं वेगळं, त्याला हाली सिक्का म्हणायचे, चांदीच्या रुपयावर चारमिनार, आणि इंग्रजांच्या रुपयाला कलदार. सात हाली द्या तेव्हा सहा कलदार मिळायचे. टपालाची तिकिटं वेगळी, रेल्वे निजामाची, फौज निजामाची, कोर्ट-कचेरीची भाषा उर्दू. ८२ हजार चौरस मैलांच्या वर मुलूख आणि १९४१ च्या शिरगणतीप्रमाणं १ कोटी ६३ लाखांच्या आसपास माणसं. तेलंगणाचे आठ जिल्हे, कानडी तीन आणि मराठी पाच, म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. जालना, लातूर, हिंगोली हे जिल्हे फार नंतरचे.

पण हे सगळं असूनही तो स्वतंत्र देश नव्हता. वर इंग्रजांची सार्वभौम सत्ता होती, सिकंदराबादला त्यांची छावणी होती, रेसिडेंट बसलेला होता. परराष्ट्र व्यवहार निजामाच्या हातात नव्हता. आता खरी गोम इथं आहे. १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्यानं इंग्रजांची ती वरची सत्ता संपली, आणि ती भारत सरकारला दिली नाही, नुसती संपली. म्हणजे संस्थानिकांचे इंग्रजांशी असलेले करारमदार गळून पडले. निजामानं, म्हणजे मीर उस्मान अलीनं, हेच धरलं आणि जून १९४७ मध्येच जाहीर केलं की मी हिंदुस्थानच्याही घटना समितीत माणसं पाठवणार नाही, पाकिस्तानच्याही नाही, इंग्रज गेले की मी स्वतंत्र. बाकीच्या बहुतेक संस्थानिकांनी १५ ऑगस्टच्या आत सामीलनाम्यावर सह्या केल्या, संरक्षण, परराष्ट्र आणि दळणवळण हे तीन विषय दिल्लीला देऊन टाकले. निजामानं सही केली नाही. त्यामुळं १५ ऑगस्ट १९४७ ला देशभर झेंडे लागले तेव्हा मराठवाड्यात झेंडा लावणं हा गुन्हा होता, स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थांना त्याच दिवशी अटक झाली.

मग आला जैसे थे करार. हा मुद्दा नीट समजून घ्या कारण बरेच जण याला विलीनीकरणाचा करार समजतात. ऑक्टोबर १९४७ मध्ये मसुदा तयार झाला होता, निजामाचं शिष्टमंडळ दिल्लीला निघणार त्या दिवशी पहाटे, २७ ऑक्टोबरला, इत्तेहादच्या, म्हणजे रझाकारांमागच्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन या संघटनेच्या, लोकांनी निजामाचे पंतप्रधान छत्तारीच्या नवाबाचं घरच घेरलं आणि शिष्टमंडळ बाहेर पडू दिलं नाही. ही चाल कासिम रझवीची, हा गृहस्थ लातूरलाच वकिली करायचा. छत्तारी राजीनामा देऊन मोकळे झाले, नवीन शिष्टमंडळ गेलं आणि शेवटी जवळपास त्याच मसुद्यावर २९ नोव्हेंबर १९४७ ला सह्या झाल्या. मुदत एक वर्ष. इंग्रजांच्या वेळी दिल्ली आणि हैदराबादमध्ये जो व्यवहार चालायचा तो तसाच चालू ठेवायचा, बाकी वाद वर्षभरात मिटवायचा. यात सामील होण्याचा एक शब्द नाही. भारतानं कन्हैयालाल मुन्शींना प्रतिनिधी म्हणून तिथं पाठवलं, आणि निजामाकडून पंतप्रधान झाले मीर लायक अली.

करार मोडायला वेळ लागला नाही. संस्थानात कलदार चलन चालणार नाही असा हुकूम निघाला, सोन्या-चांदीच्या निर्यातीवर बंदी आली, आणि पाकिस्तानला वीस कोटींचं कर्ज दिल्याचं उघड झालं, ते पण भारत सरकारच्या रोख्यांत. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक रात्री विमानानं हत्यारं आणून टाकत होता.

गावागावात मात्र करार-बिरार कोणाला माहीत नव्हता. तिथं रझाकारी होती, म्हणजे कासिम रझवीच्या हत्यारबंद स्वयंसेवकांचा धुमाकूळ. मराठवाड्यात आजही काळ मोजताना "रझाकाराच्या टायमाला" असं म्हणतात, आणि साक्षीदाराच्या जबानीत हे वाक्य आलं की मी लगेच बाजूला १९४७-४८ असं टिपून घेतो. बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरेंना १९४६ च्या ऑक्टोबरातच मारलं. लोक घरदार सोडून हद्दीपलीकडं गेले, बार्शीला, सोलापूरला, उमरखेडला, मनमाडला. माझे आजोबा बार्शीला आठ महिने राहिले, भुसाराच्या दुकानात पोती उचलली. आणि याच हद्दीवर स्टेट काँग्रेसच्या छावण्या होत्या, तिथून पोरं आत जाऊन नाके जाळायची, तारा तोडायची, ठाण्यावर हल्ले करायची. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके घोड्यावर बसून हत्यारं पोचवायच्या. ३० जानेवारी १९४८ ला नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक फोडली, वीस लाखांवर रक्कम, आणि त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. ज्यांनी ती बँक फोडली ते गांधींचं नाव घेणारेच लोक होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, त्यांच्या मनात त्या रात्री काय चाललं असेल याचा मी बरेचदा विचार करतो.

एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो कारण हल्ली हा सगळा इतिहास हिंदू विरुद्ध मुसलमान असा सांगायची सवय लागलीय. "इमरोज" या उर्दू पेपरचे संपादक शोएबुल्ला खान यांनी सरळ लिहिलं की हैदराबादनं भारतात सामील व्हावं. २२ ऑगस्ट १९४८ ला रात्री हैदराबादेत त्यांना गाठून मारलं. तिकडं तेलंगणात तर देशमुख-जमीनदारांविरुद्ध कम्युनिस्टांचा वेगळाच सशस्त्र लढा चालू होता, तो विषय मोठा आहे, इथं नको.

दरम्यान निजाम सरकारनं संयुक्त राष्ट्रांकडं तक्रार केली, ऑगस्टमध्ये. हैदराबाद स्वतंत्र देश आहे आणि भारत आम्हाला धमकावतोय अशी. सुरक्षा परिषदेनं ती पॅरिसला १६ सप्टेंबरला ऐकायला घेतली, आणि तोवर भारताच्या फौजा आत शिरून चौथा दिवस होता. ऑपरेशन पोलो, म्हणजे हीच मोहीम, १३ सप्टेंबरला पहाटे सुरू झालं. मुख्य फौज सोलापूरकडून आली, नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल पहिल्याच सकाळी ताब्यात घेतला म्हणून पुढचा रस्ता मोकळा झाला. दुसरी बाजू औरंगाबाद-जालन्याकडून. निजामाच्या फौजेनं फार टिकाव धरला नाही. १७ तारखेला संध्याकाळी निजामानं रेडिओवरून लढाई थांबवल्याचं सांगितलं, १८ ला त्याचा सेनापती एल एद्रूस यानं मेजर जनरल जयंतनाथ चौधरींसमोर रीतसर शरणागती दिली. निजामानं संयुक्त राष्ट्रांना कळवून तक्रारही मागं घेतली, २२ तारखेला. याला सरकारी भाषेत पोलीस कारवाई म्हणायचे, आमच्याकडं सगळे "पोलीस ॲक्शन" म्हणतात, जुन्या फिर्यादीत सुद्धा तोच शब्द सापडतो. लष्करी कारवाई न म्हणता पोलीस का, तर लष्करी म्हटलं असतं तर दुसऱ्या देशावर चाल केली असा अर्थ निघाला असता.

आणि इथं बहुतेक लोकांची गोष्ट संपते. माझी इथून सुरू होते.

चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. पण त्यांना अधिकार कुणी दिला? दिल्लीनं नेमलं हे खरं, पण संस्थानात कायदा करायचा अधिकार त्या दिवशी कायद्यानं फक्त निजामाकडं होता, तोच एकटा सर्वसत्ताधीश. म्हणून १९ सप्टेंबर १९४८ ला निजामाकडून फर्मान काढून घेतलं की राज्यकारभाराचे सगळे अधिकार लष्करी गव्हर्नरला दिले. पुढं शंका निघाली की कारभारात कायदे करणं येतं का, तेव्हा ७ ऑगस्ट १९४९ ला दुसरं फर्मान, की हो, कायदे करण्याचा अधिकारही दिलेला आहे. आणि त्याच महिन्यात जहागिरी खालसा करणारा कायदा आला, त्याच्या नावातच साल आहे, १३५८ फसली. म्हणजे निजामाच्या फर्मानाच्या जोरावर भारताच्या जनरलनं निजामाच्याच जहागीरदारांच्या जहागिरी संपवल्या! त्याच वर्षी निजामाची खाजगी दौलत, सर्फेखासचा मुलूखही सरकारात जमा झाला. तुमच्या कागदात फर्मानाचा हवाला आहे तो याच साखळीतला असणार.

जहागीरदारांनी हे पुढं सुप्रीम कोर्टापर्यंत नेलं. त्यांचं म्हणणं असं की लष्करी गव्हर्नरला असा कायदा करायचा हक्कच नव्हता. १९६० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की घटना लागू होईपर्यंत निजाम निरंकुश सत्ताधीश होता, त्याचं फर्मान म्हणजेच कायदा, आणि त्यानं तो अधिकार दिला म्हणून केलेला कायदा वैध. मी हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा नवीन होतो, आणि मला अक्षरशः धक्का बसला होता, कारण लहानपणापासून शाळेत १७ सप्टेंबरला झेंडावंदन करून निजाम त्या दिवशी गेला असंच डोक्यात बसलेलं. कोर्टाच्या दृष्टीनं तो गेला नव्हता.

आता सहीचं. निजामानं इतर संस्थानिकांसारखा १९४७ चा सामीलनामा केलाच नाही. त्यानं २३ नोव्हेंबर १९४९ ला फर्मान काढलं की घटना समिती जी राज्यघटना तयार करतेय तीच हैदराबादलाही लागू राहील. सामील होण्याचा कागद म्हणायचा तर हाच. घटना समितीनं घटना स्वीकारली २६ नोव्हेंबरला, म्हणजे फर्मान त्याच्या तीन दिवस आधीचं. मग २६ जानेवारी १९५० ला हैदराबाद हे भारताचं "ब" वर्गातलं राज्य झालं आणि निजाम त्याचा राजप्रमुख, आजच्या राज्यपालासारखा. ज्याच्या सत्तेविरुद्ध लोक तुरुंगात गेले त्याच्याच नावानं १९५६ पर्यंत राज्याचा कारभार चालला. सनदी अधिकारी वेल्लोडी मुख्यमंत्री झाले, १९५२ ला निवडणुका झाल्या तेव्हा बुर्गुल रामकृष्ण राव. सगळ्या प्रौढ लोकांना सरसकट मत द्यायला मिळालं ते पहिल्यांदा तेव्हा. कासिम रझवी शिक्षा भोगून १९५७ ला सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला.

या सोळा महिन्यांतलं आणखी एक आहे जे १७ सप्टेंबरच्या भाषणांत येत नाही आणि मी ते टाळणार नाही. पोलीस ॲक्शनच्या नंतर सूड उगवला गेला. रझाकारांनी केलं त्याची किंमत ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशा गरीब मुसलमानांनी मोजली. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्यासोबत माणसं पाठवली, त्यांच्या अहवालात मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार असा आहे, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे आपले दोन. तो अहवाल कित्येक वर्षं बाहेर आला नाही. मला हे आधी कागदातून कळलं, अहवालातून नंतर. एका गावच्या केसमध्ये जुन्या सेतवारात, म्हणजे सर्व्हेच्या वेळच्या जमीन-नोंदीत, सहा मुसलमान खातेदार, आणि १९५४ च्या खासरा पत्रकात त्यातलं एकही नाव नाही, ना खरेदीखत, ना फेरफार. गावातल्या एका म्हाताऱ्या माळकरी माणसाला मी विचारलं की ही माणसं कुठं गेली. तो बराच वेळ बोलला नाही, मग विहिरीकडं बोट केलं. मी ती केस चालवली पण त्या विहिरीजवळून जाताना आजही मला थांबावंसं वाटतं. रझाकारांचे अत्याचार खरे आणि हेही खरं, दोन्ही आपल्याच मातीत झालं.

तर खासरा पत्रकावरून आठवलं. मराठवाड्यात जमिनीची केस म्हटली की पहिला कागद खासरा पत्रक १९५४ चा का मागतात? कारण जहागिरी गेल्या, इनामं जायला लागली, १९५० चा हैदराबाद कुळ कायदा आला, तेव्हा कोण कोणत्या जमिनीवर खरोखर बसलाय याची पहिली सरसकट नोंद तीच. सातबारा आपल्याकडं त्याच्या नंतर आला. हाली सिक्का सुद्धा १९५० नंतर काही वर्षं चालूच होता, त्या काळातल्या खरेदीखतात रुपये हाली आहेत का कलदार हे न बघता रक्कम वाचली की गोंधळ होतो.

पाच मराठी जिल्हे महाराष्ट्राकडं यायला अजून वेळ होता. हैदराबाद राज्याचे तुकडे १ नोव्हेंबर १९५६ ला झाले, तेलंगण आंध्रात, कानडी भाग म्हैसुरात आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात. त्याच्या आधी १९५३ मध्ये नागपूर करार झाला होता, त्यात मागास भागाला निधीत, नोकऱ्यांत वाटा द्यायचं ठरलं होतं, पण मराठवाड्याचे लोक आले ते विनाअट आले. गोविंदभाई श्रॉफांसारखी माणसं पुढं आयुष्यभर विकासाच्या अनुशेषासाठी भांडत राहिली ती याच आठवणीनं. मग १ मे १९६० ला महाराष्ट्र. हायकोर्टाचं खंडपीठ औरंगाबादला यायला १९८१ उजाडलं, तोवर आमच्या आधीचे वकील फाईल बगलेत मारून रात्रीच्या गाडीनं मुंबईला जायचे.

कायदे मात्र तिथंच राहिले. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यानं जुने हैदराबादचे कायदे रद्द होईपर्यंत चालू ठेवले, त्यामुळं इनामाच्या चौकशीला मी अजून १९५२ चा हैदराबाद अतियात (म्हणजे इनाम-देणग्यांचा) कायदा लावतो आणि कुळाच्या हक्काला ३८-ई चं, म्हणजे कुळाला मालकी दिल्याचं, प्रमाणपत्र शोधतो. पुण्याकडचा वकील आला की त्याला हे काहीच कळत नाही, त्याची चूक नाही, तिकडं ही भानगडच नाही.

आता तुमच्या कागदाचं. फसली सालात ५९० मिळवले की ते साल ज्या इसवी सनात सुरू झालं तो निघतो, आणि हैदराबादी फसली ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूर महिन्यापासून बदलायची. म्हणून १३५८ म्हणजे ऑक्टोबर १९४८ ते सप्टेंबर १९४९. कागदावर महिना असेलच, आजूर, दै, बहमन असा, तो बघा. महिना तीर किंवा अमरदाद वाचला आणि सरळ १९४८ धरला तर वर्षाची चूक होते, माझ्या एका ज्युनिअरनं अशीच चूक केली होती आणि मुदतीच्या मुद्द्यावर अर्ज पडायची वेळ आली होती, अपिलात दुरुस्त झालं. दुसरं, तो तर्जुमा कोणाकडून केलाय? उर्दू येणारा आणि जुनी शिकस्ता, म्हणजे घाईची मोडकी, लिपी वाचणारा ही दोन वेगळी माणसं आहेत. शिकस्तामध्ये नुक्ते गाळलेले असतात, आकडे वेगळ्या रकमी पद्धतीनं लिहिलेले असतात, साधं उर्दू शिकलेला माणूस तिथं अडतो. आमच्याकडं असे जुने मुन्शी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिलेत.

कागदावर वरच्या बाजूला मुंतखब (इनामाचा हक्क मान्य केल्याचा कागद) असा शब्द आहे का तेवढं बघून घ्या. असेल तर जमीन इनामाची होती आणि रस्ता वेगळा लागतो, अतियातची फाईल काढावी लागेल. नसेल तर जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात अर्ज करून सेतवार आणि १९५४ च्या खासरा पत्रकाची सही-शिक्क्याची नक्कल काढा, गट नंबर न टाकता जुना सर्व्हे नंबर टाका, आणि मग तिन्ही कागद एका जागी ठेवून नावं जुळवून बघा.